स्प्रिंगला टांगलेल्या भाराचा आवर्तकाल : काही दुर्लक्षित घटकांचे विवेचन

मळसूत्री स्प्रिंगच्या खालच्या टोकाला भार अडकवून त्याची आंदोलने मोजण्याचा प्रयोग पदार्थविज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केव्हा ना केव्हा केलेला असतो. तो इतका परिचयाचा झाला आहे की, त्यात आता विचार करण्याजोगे काही उरले असेल असे कोणास वाटत नाही. सूत्र पाठ असते, आलेख सरळ येतो, स्थिरांकाचे मूल्य 'जवळपास' जुळते आणि वही तपासून परत मिळते. परंतु ते मूल्य 'जवळपास'च का जुळते, तंतोतंत का जुळत नाही, हा प्रश्न विचारला तर बहुतेक वह्यांतून 'निरीक्षकाची चूक' किंवा 'हवेचा रोध' अशी दोन-तीन ठराविक उत्तरे मिळतात. ही उत्तरे बहुधा खोटी असतात हे थोड्याशा अंकगणिताने दाखविता येते. आवर्तकालावर नेमके कशाचे आणि किती प्रमाणात परिणाम होतात, याची छाननी करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आधी मूळ सिद्धांत थोडक्यात पाहू. स्प्रिंगच्या लांबीतील वाढ तिच्यावरील प्रेरणेच्या सम प्रमाणात असते, हा नियम रॉबर्ट हूक याने १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कूटरूपाने छापला आणि १६७८ मधील आपल्या स्प्रिंगविषयक प्रबंधात उघड केला. अशा स्प्रिंगची लहानमोठी आंदोलने समान काळात पुरी होतात, हे दाखविण्याचा प्रयत्नही त्याच प्रबंधात आहे. भाराचे वस्तुमान व, स्प्रिंगचा स्थिरांक क आणि आवर्तकाल आ मानला, तर आजच्या भाषेत

आ = २ पाय √(व/क)

असे सूत्र मिळते. यात परमप्रसर नाही आणि गुरुत्वीय प्रवेगही नाही. पैकी दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांना सहजी पटत नाही, कारण भार खाली ओढला जातो तो गुरुत्वामुळेच. परंतु गुरुत्वाची प्रेरणा कायम सारखीच असल्यामुळे ती फक्त समतोल स्थिती खाली सरकविते. त्या नव्या स्थितीपासून मोजलेल्या विस्थापनाला विरोध करणारी प्रेरणा पूर्वीइतकीच राहते. लंबकाची गोष्ट निराळी आहे. झां रिशे याने १६७२ मध्ये पॅरिसहून विषुववृत्ताजवळील कायेन येथे नेलेले लंबकाचे घड्याळ दररोज सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याच्याजवळ स्प्रिंगला टांगलेला भार असता, तर गुरुत्वातील या फरकाचा त्याच्या आवर्तकालावर काहीच परिणाम दिसला नसता.

आता प्रयोगाकडे वळू. पुढील विवेचनात एक काल्पनिक परंतु प्रयोगशाळेत सहज सापडेल अशी स्प्रिंग उदाहरणादाखल घेतली आहे : स्थिरांक १० न्यूटन प्रतिमीटर आणि स्प्रिंगचे स्वतःचे वस्तुमान ६० ग्रॅम. तिला १०० ग्रॅमचा भार लावला, तर वरील सूत्राप्रमाणे आवर्तकाल ०.६२८ सेकंद यावयास हवा. प्रत्यक्षात तो ०.६८८ सेकंदाच्या आसपास येईल. हा फरक साडेनऊ टक्क्यांचा आहे. ३०० ग्रॅमच्या भाराला सूत्र १.०८८ सेकंद सांगते, तर मापनात १.१२४ सेकंद मिळेल, म्हणजे फरक सव्वातीन टक्क्यांचा. भार वाढला की फरक कमी होतो, यातच त्याच्या कारणाचा सुगावा आहे. स्प्रिंग स्वतः वजनदार आहे, आणि भाराबरोबर तिलाही हलवावे लागते.

परंतु हा सुगावा आलेख काढण्याच्या पद्धतीमुळे हरवू शकतो, आणि माझ्या मते या प्रयोगातील खरा धोका तेथेच आहे. सूत्रात वर्गमूळ दिसते म्हणून अनेक जण आवर्तकाल आणि भाराच्या वस्तुमानाचे वर्गमूळ यांचा आलेख काढतात. वरील स्प्रिंगला १०० ते ५०० ग्रॅमपर्यंत पाच भार लावले, तर आवर्तकाल अनुक्रमे ०.६८८, ०.९३२, १.१२४, १.२८८ आणि १.४३३ सेकंद येतील. वस्तुमान किलोग्रॅममध्ये घेऊन या पाच बिंदूंतून लघुतम वर्गांच्या रीतीने रेषा काढली, तर एकही बिंदू तिच्यापासून सेकंदाच्या तीन सहस्रांशांहून फारसा दूर पडत नाही. डोळ्यांना तर ती निर्दोष सरळ रेषा वाटते. मात्र ती आरंभबिंदूतून जात नाही. उभ्या अक्षाला ती सुमारे ०.०८ सेकंदावर छेदते, आणि तिच्या उतारावरून काढलेला स्थिरांक १०.९ न्यूटन प्रतिमीटर भरतो. याचा अर्थ असा की, रेषा उत्तम जुळली आणि तरीही उत्तर जवळजवळ नऊ टक्क्यांनी चुकले.

या ०.०८ सेकंदाचे स्पष्टीकरण 'विरामघड्याळ दाबण्यातील विलंब' असे सर्रास दिले जाते. ते टिकणारे नाही. सुरुवातीला आणि शेवटी मिळून हाताची चूक सेकंदाच्या दोन दशांशांपर्यंत गेली असे धरले आणि पन्नास आंदोलनांचा काळ एकत्र मोजला असला, तर एका आंदोलनाच्या वाट्याला चार सहस्रांश सेकंद येतात. दिसणारा अंतर्छेद त्याच्या वीसपट आहे. शिवाय हाताचा विलंब सुरुवातीला व शेवटी सारखाच होत असेल, तर तो वजाबाकीत जातो. वरील पाच बिंदू बारकाईने पाहिले तर मधले रेषेच्या किंचित खाली आणि टोकांचे किंचित वर आढळतात. हा विक्षेप यादृच्छिक नसून ती एक सौम्य वक्ररेषा आहे.

तेव्हा आलेख काढावयाचा तो आवर्तकालाच्या वर्गाचा आणि वस्तुमानाचा. स्प्रिंगचे वस्तुमान स मानून तिचा काही अंश भारात मिळविला, तर

आ² = (४ पाय²/क)(व + ल स)

असे समीकरण होते. येथे ल हा अजून ठरवावयाचा अपूर्णांक आहे. या आलेखाचा उतार केवळ स्थिरांकावर अवलंबून असतो. स्प्रिंगच्या वजनाचा सारा परिणाम अंतर्छेदात जमा होतो, आणि आडव्या अक्षावरील छेद थेट ल स देतो. भार टांगण्याच्या आकड्याचे वस्तुमान व मध्ये धरण्यास विसरले, तर तेही याच अंतर्छेदात मिसळते. उतार मात्र तरीही शाबूत राहतो. या पद्धतीचा मोठा गुण हा की, ज्या गोष्टी आपण नीट जाणत नाही त्या स्थिरांकाच्या मूल्यात शिरकाव करू शकत नाहीत.

ल चे मूल्य किती? लॉर्ड रॅली यांच्या पद्धतीने विचार करू. स्प्रिंग एकसारखी आहे आणि प्रत्येक क्षणी तिची वाढ सर्व वेढ्यांत सारखी वाटलेली आहे असे माना. मग वरच्या स्थिर टोकापासून अर्ध्यावर असलेल्या वेढ्याचा वेग भाराच्या वेगाच्या निम्मा, चतुर्थांशावरील वेढ्याचा चतुर्थांश, या प्रमाणात राहील. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, आणि शून्यापासून एकपर्यंत समप्रमाणात वाढणाऱ्या राशीच्या वर्गाची सरासरी एक-तृतीयांश असते. म्हणून ल = १/३. आपल्या उदाहरणात ही भर २० ग्रॅमची आहे.

येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. हीच स्प्रिंग नुसती टांगली, तर स्वतःच्या वजनाने तिची जी वाढ होते ती स्प्रिंगचे निम्मे वजन टोकाला लावल्याइतकी असते, कारण तेथे वर्गाची नव्हे, साध्या राशीची सरासरी लागते. एकच स्प्रिंग स्थिर असताना स्वतःला अर्धी मोजते आणि हलताना एक-तृतीयांश! आवर्तकालाच्या वर्गावरून आणि स्थिर वाढीवरून गुरुत्वीय प्रवेग काढण्याचा जो प्रयोग प्रचलित आहे, त्यात या भेदामुळे बराच घोटाळा होतो. वाढ जर स्प्रिंग मेजावर आडवी ठेवली असतानाच्या लांबीपासून मोजली, तर अंतर्छेद ऋण येतो आणि तो अर्धा व तृतीयांश यांच्या वजाबाकीचा, म्हणजे स्प्रिंगच्या वस्तुमानाच्या एक-षष्ठांशाचा असतो. तीच वाढ भाराविना टांगलेल्या स्प्रिंगच्या टोकापासून मोजली, तर अंतर्छेद धन असतो आणि तो एक-तृतीयांशाचा असतो. उतार दोन्हींत सारखाच. दोन विद्यार्थ्यांच्या वह्यांत अंतर्छेदाचे चिन्ह विरुद्ध आले, तर दोघेही बरोबर असण्याचा संभव आहे, हे परीक्षकाने ध्यानात ठेवावे.

एक-तृतीयांश हे मूल्यही अंतिम नव्हे. वाढ सर्व वेढ्यांत सारखी वाटली जाते हे गृहीत भार स्प्रिंगपेक्षा पुष्कळ जड असेल तरच खरे ठरते. काटेकोरपणे पाहता स्प्रिंगमधून तरंग जातो आणि भाराशी परावर्तित होतो. त्या तरंगाचे समीकरण सोडविले की वरील अपूर्णांकात पहिली सुधारणा स्प्रिंग आणि भार यांच्या वस्तुमानांच्या गुणोत्तराच्या पंचेचाळिसाव्या भागाइतकी मिळते. दोन्ही वस्तुमाने समान असतील तर ल चे मूल्य ०.३५१ येते, आणि भार काढूनच टाकला तर ते ४/पाय², म्हणजे ०.४०५ होते. भाराविना स्प्रिंगची आंदोलने मोजून मिळालेला बिंदू आलेखाच्या रेषेवर पडत नाही याचे कारण हेच. तो बिंदू चुकीचा समजून खोडू नये.

हे सूक्ष्म भेद हाताने चालविलेल्या विरामघड्याळाने दिसतील काय? १०० ग्रॅमच्या भारासाठी पन्नास आंदोलनांना ३४.४ सेकंद लागतात. त्यांत ०.२ सेकंदाची अनिश्चिती धरली, तर आवर्तकालाच्या वर्गात ती १.२ टक्के होते, आणि वस्तुमानाच्या भाषेत सुमारे दीड ग्रॅम. तेव्हा २० ग्रॅम (तृतीयांश) आणि ३० ग्रॅम (अर्धा) यांतील निवाडा हा प्रयोग निश्चितपणे करू शकतो, परंतु ०.३३३ आणि ०.३५१ यांतील निवाडा तो करू शकत नाही. त्यासाठी प्रकाशकिरण अडवून चालणारे विजेचे कालमापक हवे. भार समतोल स्थितीतून जाताना मोजणी करावी, टोकाशी करू नये, हा जुना सल्ला येथे मोलाचा आहे, कारण मध्यभागी भाराचा वेग सर्वांत अधिक असतो आणि क्षण अचूक पकडता येतो.

तृतीयांशाचा नियम स्प्रिंग एकसारखी असण्यावर अवलंबून आहे, याची सर्वांत सुंदर परीक्षा शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगने घेता येते. गोल तारेच्या मळसूत्री स्प्रिंगचा स्थिरांक तारेच्या दृढता गुणांकाच्या आणि तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तसेच वेढ्यांच्या व्यासाच्या घनाच्या आणि वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून शंकूतील रुंद वेढे फार लवचिक आणि अरुंद वेढे ताठ असतात. शिवाय रुंद वेढ्यांत तारही अधिक असते. अशी स्प्रिंग रुंद तोंड वर करून टांगा किंवा खाली करून टांगा, भाराने होणारी तिची वाढ दोन्ही वेळा सारखीच होते. परंतु आवर्तकाल बदलतो! रुंद तोंड वर असेल तर लवचिकपणा वरच एकवटतो आणि खालची जवळजवळ सारी स्प्रिंग भाराबरोबर वरखाली होते. ते खाली असेल तर बरेच वेढे जागच्या जागी राहतात. अग्रापर्यंत निमुळत्या होत गेलेल्या आदर्श शंकूसाठी, वेढ्यांचा व्यास वेढ्यागणिक समप्रमाणात बदलतो असे धरले, तर ल चे मूल्य पहिल्या स्थितीत ०.५३ आणि दुसऱ्या स्थितीत ०.२० येते. पदव्युत्तर वर्गाला नेहमीच्या प्रयोगाऐवजी हा द्यावा असे मला वाटते. स्थिर मापनाला अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन मांडण्या गतीच्या मापनाने वेगळ्या ओळखता येतात, ही गोष्ट हाताने अनुभवण्यासारखी आहे.

प्रयोगशाळेत मिळणाऱ्या पुष्कळ स्प्रिंगा वेढ्याला वेढा चिकटवून, आतून थोडा ताण ठेवून गुंडाळलेल्या असतात. असा ताण मुद्दाम आणि हिशेबाने ठेवला, तर प्रेरणा लांबीतील वाढीच्या नव्हे तर एकूण लांबीच्याच प्रमाणात राहील अशी स्प्रिंग करता येते. ल्युसिएन लाकोस्त यांची ही १९३२ ची कल्पना पुढे गुरुत्वमापकांत फार उपयोगी पडली. आपल्या स्प्रिंगेत मात्र या ताणामुळे ठराविक भारापर्यंत वेढे उघडतच नाहीत आणि स्थिर वाढीची रेषा आरंभबिंदूतून जात नाही. अशा वेळी एकाच भाराला त्याच्या वाढीने भागून स्थिरांक काढला, तर तो वाजवीपेक्षा मोठा येतो. उतारावरून काढलेला बरोबर येतो. वरच्या वेढ्यांवर खालच्या वेढ्यांचेही वजन पडत असल्यामुळे हलक्या भाराखाली तळाचे काही वेढे मिटलेलेच राहण्याचा संभव असतो. ते वेढे भाराबरोबर संपूर्णपणे हलतात आणि अंतर्छेद तृतीयांशाहून मोठा होतो.

परमप्रसराचा परिणाम आवर्तकालावर होत नाही, हे विधानही याच मर्यादेत समजावयाचे. आंदोलनाच्या वरच्या टोकाला वेढे एकमेकांवर आपटू लागले की हूकचा नियम त्या क्षणापुरता संपतो. परंतु परमप्रसराशी निगडित अशी दुसरी एक अडचण अधिक कुतूहलाची आहे. काही भारांच्या बाबतीत सरळ उभी सुरू केलेली आंदोलने थोड्या वेळाने मंदावतात आणि भार लंबकासारखा डुलू लागतो. मग पुन्हा ती वरखाली होऊ लागतात. डुलण्याचा आवर्तकाल उभ्या आंदोलनाच्या बरोबर दुप्पट असला की असे घडते. स्प्रिंग हलकी मानली तर ही अट फार सोप्या रूपात मांडता येते : भाराने झालेली वाढ स्प्रिंगच्या मूळ लांबीच्या एक-तृतीयांश असावी. आपली उदाहरणातील स्प्रिंग ३० सेंटीमीटर लांब असेल, तर तिच्या हलकेपणाच्या गृहीतावर हा दोष नेमका १०० ग्रॅमच्या आसपास उद्भवतो, कारण तेथे वाढ ९.८ सेंटीमीटर असते. स्प्रिंगचे वजन हिशेबात घेतले की हे ठिकाण थोडे सरकेल. व्हिट आणि गोरेलिक या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९३३ मध्ये या गतीचा अभ्यास केला. कार्बन डायऑक्साइडच्या रेणूत दोन प्रकारच्या कंपनांची वारंवारता जवळजवळ दुपटीच्या नात्यात असल्यामुळे वर्णपटातील रेषा दुभंगते, असा उलगडा फेर्मी यांनी १९३१ मध्ये केला होता, त्याचे हे डोळ्यांना दिसणारे यांत्रिक रूप होय. स्प्रिंग ताणली जाताना तिला थोडा पीळही बसतो. पिळाच्या आंदोलनांचा काळ उभ्या आंदोलनांच्या काळाशी जुळविला, तर ऊर्जा या दोहोंत आलटून पालटून जाते. विल्बरफोर्स यांनी १८९४ मध्ये वर्णिलेला लंबक तो हाच. विद्यार्थ्याचा एखादाच बिंदू आलेखापासून विनाकारण दूर पडला असेल, तर तो भार अशा एखाद्या अनुस्पंदनाजवळ तर नाही ना, हे आधी पाहावे.

राहिला हवेचा रोध, ज्याच्या माथी सर्व दोष मारला जातो. पन्नास आंदोलनांत परमप्रसर निम्मा झाला, तरी संदमनामुळे आवर्तकालात होणारी वाढ दशलक्षांत दोन-तीन भागांपलीकडे जात नाही, कारण ती संदमनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उत्प्लावन गुरुत्वाप्रमाणेच फक्त समतोल स्थिती हलविते. मात्र भाराबरोबर काही हवाही हलते. गोलाच्या बाबतीत तिचे परिणामी वस्तुमान गोलाने बाजूला सारलेल्या हवेच्या निम्मे असते. पितळी गोलासाठी हा परिणाम आवर्तकालात लक्षांशांत साडेतीन भागांचा आहे, म्हणजे संदमनाच्या परिणामाहून दहा-पंधरापट मोठा असूनही विरामघड्याळाच्या आवाक्याबाहेरचा. तोच गोल पाण्यात बुडवून आंदोलने घेतली, तर नुसत्या या कारणाने आवर्तकाल तीन टक्के वाढतो आणि श्यानतेचा वाटा त्यावर आणखी पडतो. हा फरक कोणासही दिसेल.

तापमानाचा परिणाम हवेपेक्षा मोठा आहे. पोलादाचा दृढता गुणांक दर सेल्सिअस अंशाला दहा हजारांत सुमारे अडीच भागांनी घटतो, म्हणून आवर्तकाल त्याच्या निम्म्याने वाढतो. सकाळ आणि दुपार यांत दहा अंशांचा फरक असेल, तर हजारांत एक भागाहून थोडा अधिक बदल होतो. प्रयोगशाळेत तो उपेक्षणीय खरा, परंतु केशस्प्रिंगेवर चालणारे घड्याळ दर अंशाला दिवसाकाठी दहा-अकरा सेकंद मागे पडणार असेल, तर ते नौकानयनास निरुपयोगी ठरते. तापमानाने स्थितिस्थापकता जवळजवळ न बदलणाऱ्या एलिन्व्हार या मिश्रधातूचा शोध शार्ल एद्वार गीयोम यांनी लावला. निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंवरील त्यांच्या संशोधनास १९२० चे नोबेल पारितोषिक मिळाले.

या सर्व विचारांचा उलट्या दिशेने उपयोग १९७३-७४ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकात झाला. तेथे तराजू निरुपयोगी, कारण वजन जाणवतच नाही. आवर्तकाल मात्र गुरुत्वावर अवलंबून नाही. म्हणून विल्यम थॉर्न्टन यांनी सिद्ध केलेल्या, स्प्रिंगांवर डोलणाऱ्या आसनात अंतराळवीरास बसवीत आणि आंदोलनांच्या काळावरून त्याच्या शरीराचे वस्तुमान काढीत. आसनाचे वस्तुमान आणि स्प्रिंगांचा हलणारा अंश यांचा वेगळा हिशेब करण्याची गरज नसते. ज्ञात वस्तुमाने ठेवून काढलेल्या रेषेच्या अंतर्छेदात ते दोन्ही येऊन बसतात. खरी अडचण निराळीच असते. माणसाचे शरीर पितळी गोलासारखे ताठ नसते. त्याचे अवयव आणि द्रव स्वतःच्या लयीत हलतात, आणि त्यामुळे मापन चालू असता त्याला घट्ट बांधून, श्वास रोखून, अंग आवळून बसावे लागते.